उजवीकडची मेंढरं

मेंढरं मधेच गायब झाली. डावीकडून निघाली, घंट्या वाजवत बराबर माझ्या नाकासमोर आली, आन् तिथून उजवीकडं सरकायला लागली तशी एकेक करून कुठं गेली, कुणास ठाऊक. दुपारचे दोन वाजल्ते. दुकानासमोर पोत्यांची हातगाडी आन् एक आटो एकमेकाला वाट देईनात. आटोवाला हॉर्नवर अंगठा ठेवूनच बसल्ता. तो हॉर्न मला चांगला ऐकू येत होता, शिव्याही ऐकू येत होत्या. फक्त मेंढरं न्हाई. मी कॅसेट मागं घेतली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. ही माझी कॅसेट, मीच भरलेली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, हसनाबादच्या माळावर, दोन माइक दोन काठ्यांना बांधून. आमच्या बाची एकेचाळीस मेंढरं डावीकडून येतात आन् उजवीकडं जातात, बस, एवढंच. पण जालन्यातला कोणताही स्पीकर दुरुस्त झाला की मी त्याच्यावर हीच कॅसेट लावतो, एकेचाळीसचा आकडा गिऱ्हाइकांनाही पाठ झालाय. शेवटच्या मेंढीच्या गळ्यात चिरलेली घंटी होती. बाकीच्या किणकिणायच्या, ती ठक्क करायची. ती उजव्या टोकाला जाऊन ठक्क म्हणली की मी म्हणायचो, पास. आज ठक्क आलं, पण कसं? शेजारच्या गल्लीत कुणीतरी दार लावून घ्यावं, तसं.

आता मी कोण, ते सांगायला पाहिजे. न्हाई सांगितलं तर तुम्ही म्हणाल, स्पीकर बिघडला असंल, त्यात एवढं काय? जुन्या जालन्यात मला कानवाला सुग्रीव म्हणतात. चाळीस वर्षं रेडिओ, अँप्लिफायर, स्पीकर दुरुस्त करून राह्यलो. लोक मशीन टेबलावर ठेवायच्या आधी मी म्हणायचो, डाव्या बाजूचा कागद फाटलाय, आन् उघडून पाहिलं तर फाटलेलाच. हे मला बानं दिलं. बा दुपारी माळावर तोंडावर पटका टाकून पडायचा. मी म्हणायचो, बा, मेंढरं पांगतील की. तो म्हणायचा, "मी कानानं राखतो, डोळ्यानं न्हाई." आन् खरंच, पटक्याखालूनच ओरडायचा, "सुग्र्या, ती कपाळपांढरी वड्याकडं निघाली, वळव." मी पळायचो, तर कपाळपांढरी वड्याकडंच निघालेली. मेंढरं गेली, माळ गेला, बा गेला. कान तेवढा माझ्याकडं राहिला. आन् त्यातला उजवा मागच्या वर्षी जायला लागला.

ते कुणालाच माहीत न्हाई, असं मला वाटत होतं. कडूबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, "आयशी आणायला चाललो", म्हणजे अँप्लिफायरात बसवायची चिप, असं सांगून मी संभाजीनगरला गेल्तो. डाक्टरणीनं मला काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन लावला, हातात बटण दिलं. म्हणली, काका, आवाज आला की दाबा. पहिले चार-पाच आले. मंग बराच वेळ काहीच न्हाई. काचेतून तिचा खांदा दिसत होता. खांदा हलला की ती आवाज सोडून राह्यली, हे माझ्या लक्षात आलं. मंग काय, खांदा हलला की मी बटण दाबायचो! साठीचा माणूस, परीक्षेत कॉपी करून राह्यला. शेवटी ती बाहेर आली, हसली, आन् माझं तोंड भिंतीकडं करून पुन्हा सगळी परीक्षा घेतली. निकाल एका कागदावर निघाला. डाव्या कानाची रेघ सरळ, उजव्या कानाची रेघ अर्ध्यातून खाली घसरलेली. "बारीक आवाज गेलेत काका, जाडे शाबूत आहेत," म्हणली. तो कागद मी घडी करून दुकानातल्या एका मेलेल्या रेडिओच्या पोटात ठेवला. आन् आयशी न घेताच घरी आलो, हे मला फाटकाशी आल्यावर आठवलं.

तर हे असं. आता टेबलावरचं काम पाहा. चांदपाशाभाई कापडवाले, ठोक दुकान त्यांचं, माणूस शौकीन. त्यांची लेक अलमास दुबईला असते. तिनं बाला स्पीकर पाठवले आन् सोबत बोटाएवढ्या जाडीचे दोन निळे केबल, आठ-आठ मीटरचे. स्पीकर खालच्या दिवाणखान्यातून वरच्या लहान खोलीत गेले, तर केबलचं वेटोळं जमिनीवर पडून राहायला लागलं, आन् त्यात त्यांच्या बेगमचा पाय अडकला. मंग वरून हुकूम आला. काल सगळं सामान घेऊन भाई दुकानात आल्ते. "सुग्रीवभाऊ, तीन-तीन मीटर ठेवा, बाकीचे काटून टाका. उद्या असरची नमाज झाली की पाचला येतो. तुमच्या कानानं पास केलं की बिलकुल भरोसा, मी ऐकणार पन न्हाई." ऐकणार पन न्हाई! पण तोंडानं म्हणलो, तुम्ही बेफिकीर राहा.

सकाळी उजव्या बाजूचा केबल कापला. कापताना हात थांबला एक क्षण, कारण कापड काय आन् तार काय, कापलेलं वाढत न्हाई. वरची निळी साल सोलली तर आत केसासारख्या बारीक तारा, शेकड्यानं, सगळ्या गुलाबी तांब्याच्या, लखलखीत. वा! अशी नंगी तार चाळीस वर्षांत पाहिली न्हाई, म्हणलं. पीळ दिला, नव्या पिना बसवल्या, त्यांना बनाना म्हणतात, आम्ही केळं म्हणतो, स्क्रू आवळून टाकले. डावा केबल अजून तसाच, आठ मीटरचा, कंपनीच्या केळ्यांसकट. दोन्ही लावले, कॅसेट घातली, खुर्चीत बसलो, आन् मेंढरं गायब.

आता तुम्ही म्हणाल, येड्या, आत्ताच कापलाय ना केबल, मंग दोष केबलचा. मी पन तेच म्हणलो पहिल्यांदा. मीटर काढला. एक पिन ह्या टोकाला, एक त्या टोकाला, तार सलग असली की मीटर टी करतो. कोणताही मेकॅनिक इथं मीटरच्या काचेकडं पाहील. मी काय केलं? मीटर उचलून उजव्या कानाला लावला. टीऽ. आला की ऐकू! बारीक आवाज, उजव्या कानात, चक्क आला! मला इतका आनंद झाला की मीटर हातात धरून मी एकटाच हसलो, अन् समोरून जाणाऱ्या बाईनं पदर सावरला. त्या आनंदात काचेवर आकडा किती आला, ते मी पाहिलंच न्हाई. मीटर ठेवून दिला. तार सलग आहे, हे ठरलं. आन् मंग हळूहळू, चहा थंड होत जावा तसा, तो आनंद उतरला. कारण तार सलग असंल, तर मंग राहिलं कोण? मीच राहिलो.

एक सोपा इलाज होता. माझी खुर्ची फिरती आहे, बँकेच्या लिलावातली. ती अर्धी फिरवायची, पाठ स्पीकरांकडं करायची, आन् ऐकायचं. मंग उजवा स्पीकर डाव्या कानाकडं येणार. तरी तोच स्पीकर दबका वाजला तर दोष तारेत. आन् दुसरा दबका वाजला तर दोष माझ्यात. दोन सेकंदांचं काम, लहान पोरगंही करील. मी पाऊण तास बसलो आन् खुर्ची फिरवली न्हाई. पायानं फरशीला रेटा द्यायचो, खुर्ची बोटभर फिरायची, मी पाय मागं घ्यायचो. मनात हिशेब चालल्ता. खुर्ची फिरवली न्हाई तोवर मी अजून कानवाला सुग्रीव आहे. फिरवली आन् माझ्यावर आलं तर पाच वाजता चांदपाशाभाईला काय सांगू? सांगितलं न्हाई तर खोटं होईल, आन् सांगितलं तर दुकान कशाचं? दुकानाच्या पाटीवर नाव रेणुका साऊंड आहे, पण लोक नावाला येत न्हाईत, कानाला येतात. मी कल्पना करून पाहिली, शटर ओढलेलं, मी घरी बसलेला, कडूबाई म्हणून राह्यली की भाजी निवडा. भाजी निवडायला काही हरकत न्हाई. पण माळावर बा पटका टाकून पडलाय, मेंढरं वड्याकडं चालली, आन् बा उठतच न्हाई, हे चित्र काही केल्या डोळ्यापुढून जाईना. मी भ्यालो होतो, सरळ सांगतो. तारेला भ्यालो, खुर्चीला भ्यालो.

"काय ओ, खुर्चीला चिकटलेत का?" कडूबाई मागच्या दारातून आली. दुकानामागंच घर आहे आमचं. तिच्या हातात भाकरीचं ताट, बारापासून झाकून ठेवलेलं. "तीन हाका मारल्या. भाकरीचं खापर झालं."

"काम चालू आहे," मी म्हणलो.

"दिसून राह्यलं." तिनं ताट टेबलावर ठेवलं आन् खाली पडलेला केबलचा तुकडा उचलला, कापून उरलेला. त्याचं एक टोक मी सवयीनं सोललं होतं. ती त्या बारीक तारा बोटांनी विंचरायला लागली, नातीची वेणी घालावी तशी. मंग एक तार वेगळी काढली, नखावरून ओढली, उजेडात धरली, आन् चक्क दातात धरून खरवडली.

"अगं, तोंडात काय घालून राह्यली!"

"ही नंगी न्हाई," ती म्हणली.

"काय?"

"तार. नंगी न्हाई ही. अंगावर इनॅमल आहे. एकेकीच्या अंगावर येगळं."

तुम्हाला कडूबाईचं माहेर सांगायला पाहिजे. टेंभुर्णीची ती. तिचा बा विहिरीच्या मोटारी भरायचा, जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची. ती तार दिसायला तांब्याची, पण अंगावर इनॅमलचा पातळ थर, न्हाईतर वेढ्याला वेढा चिकटून सगळं पुन्हा जळून जाईल. तिच्या आधीची तीन लेकरं जगली न्हाईत, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं, म्हणजे मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं. ती जगली, अन् दहाव्या वर्षापासून बापाजवळ बसून तारेची टोकं खरवडायला लागली. एकदा एक टोक खरवडायचं राहिलं. मोटार विहिरीवर गेली, बटण दाबलं, नुसती हुंऽ करून बसली. शेतकऱ्यासमोर बापानं तिच्या पाठीत धपाटा घातला. चाळीस वर्षांत मी हा किस्सा शंभरदा ऐकला असंल, आन् शंभरदा म्हणलं असंल, तुझ्या मोटारी येगळ्या, आमचं आवाजाचं काम येगळं. ट्रान्सफॉर्मरमधली तार इनॅमलची असते, हे मला का माहीत न्हाई? पण स्पीकरची केबल म्हणजे नंगी तार, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की लखलख पाहिली आन् भाळलो. मी ज्याला नंगी समजलो ती अंगभर नेसलेली निघाली. शेकडो तारांपैकी कापलेल्या तोंडाशी दोन-चार कुठं टेकल्या असतील, तेवढ्यांतून आवाज येत होता. मी मीटर पुन्हा लावला, आन् ह्यावेळी काचेकडं पाहिलं. तारेचा अडथळा शून्य पाहिजे तिथं बावीस.

"बावीस," मी मोठ्यानं म्हणलो.

"काय बावीस?"

"काही न्हाई. कडू, तुझा बा थोर माणूस होता."

"आज कळलं का?" ती म्हणली, पण गालात हसली.

आता खरवडायचं कसं? मी ब्लेड घेतलं, तर एका फटक्यात पाच तारा तुटल्या. तीन मीटर सांगितलेत, अन् मी टोकं तोडत गेलो तर अडीचवर येईल. कडूबाईनं माझ्या हातातलं ब्लेड काढून घेतलं. म्हणली, जाड तारेला ब्लेड. बारीक तारेला बा रांगा, म्हणजे कथील, वितळवून त्यात बुडवायचा. आन् घरात गेली, अंगणात शेगडी मांडली, आन् फोडणीची पळी घेऊन आली. लोखंडाची, दांडा काळा झालेली, आमच्या लग्नात तिच्या मावशीनं दिलेली. "ही?" मी म्हणलो. "यात फोडणी पुन्हा देता यायची न्हाई."

"मला कळत न्हाई का? द्या सोल्डर."

मी सोल्डरची गुंडाळी तोडून तोडून पळीत टाकली. ती वितळली, वर आरशासारखा पारा झाला. कडूबाईनं तोंडावर पदर घेतला, मला म्हणली, वाऱ्याच्या बाजूनं उभे राहा. केबलची सोललेली टोकं राळेत बुडवली आन् मंग पळीत. चर्रर्र! धूर निघाला, वास असा की शेजारच्या साळूबाईनं भिंतीवरून विचारलं, काय जाळून राह्यलात? "माझ्या मावशीची आठवण," कडूबाई म्हणली. जळालेल्या इनॅमलचा तपकिरी मळ वर तरंगून आला. टोक बाहेर काढलं तर गुलाबी तांबं गेलं, सगळ्या तारा एकजीव, चांदीच्या. एकेक टोक असंच करत गेलो. मंग डावा केबलही कापला, त्याचीही टोकं बुडवली, दोन्ही अगदी सारखे, तीन-तीन मीटर. ती पळी धरून राह्यली, मी टोकं धरून राह्यलो, दोघांच्या कपाळावर घाम. लग्न झाल्यापासून आम्ही एकत्र काम असं पहिल्यांदाच केलं असंल. मला लई बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

केळी बसवली. मीटर लावला, काचेकडं पाहून. शून्य. दोन्हीकडं शून्य. कॅसेट मागं घेतली, खुर्चीत बसलो, डोळे मिटले. मेंढरं निघाली. डावीकडून आली, नाकासमोर आली, उजवीकडं सरकली, आन् गेली न्हाईत! चालत राहिली. आन् अगदी उजव्या टोकाला जाऊन शेवटची, ठक्क! खणखणीत, कानाखाली वाजवल्यासारखं. जाडे आवाज शाबूत आहेत काका, असं डाक्टरीण म्हणलीच होती की! मंग दुपारी ठक्क दबलं तवाच कळायला पाहिजे होतं की कान न्हाई, तार आहे म्हणून. भीती माणसाचं डोकं कसं बंद करते, पाहा. पण एक गोष्ट मी पकडली. ठक्क खणखणीत होतं, पण त्याच्या आधीच्या बारीक घंट्या उजवीकडं जाता जाता जरा विरळ झाल्या. कळप तेवढाच, पण त्यात दहा-बारा मेंढरांच्या गळ्यात कुणी गवत कोंबलंय, असं.

मी पायानं फरशीला रेटा दिला. खुर्ची अर्धी फिरली. इतकी सोपी फिरली की मला माझीच लाज वाटली. पाठ स्पीकरांकडं, तोंड घराच्या दाराकडं. कॅसेट पुन्हा लावली. आता मेंढरं उलटी चालली, उजव्या कानाकडून डाव्याकडं. सुरवातीला विरळ, आन् पुढं जाता जाता दाट, पुरी एकेचाळीस, एकेक घंटी येगळी, कपाळपांढरीसुद्धा. म्हणजे मीच. केबल पास, मी थोडा नापास. आन् गंमत अशी की काही झालं न्हाई. शटर पडलं न्हाई, बा पटक्याखालून उठला न्हाई. उलट मला वाटलं, बा असता तर उठून नुसता दुसऱ्या कुशीवर झाला असता, डावा कान वर करून.

हे कुणाला तरी सांगावं म्हणून मी खुर्ची फिरवून पुन्हा पहिल्यासारखी केली. कडूबाई माझ्या डाव्या हाताला स्टुलावर बसल्ती. अन् मला एकदम दिसलं. स्टूल. ते स्टूल तर कायम उजव्या बाजूला असायचं, भिंतीला टेकून. ते डावीकडं कवा आलं? जेवताना ती पूर्वी उजवीकडं बसायची, वाढायला सोपं म्हणून. आता डावीकडं बसते. एसटीत खिडकीची जागा माझी, ती म्हणायची, मला वारा लागतो, तुम्ही खिडकीला. अलीकडं ती मला खिडकी देते ती फक्त उजव्या बाजूची. रस्त्यानं चालताना, घरात निजताना, सगळीकडं ती डावीकडं. आन् बाई कधी चढ्या आवाजात बोलली न्हाई.

"कवापासून?" मी विचारलं.

तिनं कशाचं म्हणून विचारलं न्हाई. "तुम्ही आयशी आणायला गेल्ते आन् हात हलवत आल्ते ना," ती म्हणली, "त्याच्या सहा म्हैने आधीपासून."

"अन् सांगितलं न्हाई?"

"तुम्ही सांगितलं का? आन् त्या मेलेल्या रेडिओत कागद कुणी ठेवतं व्हय? झुरळानं कोपरा खाल्ला. मी काढून ट्रंकेत ठेवलाय, कागदपत्राच्या पिशवीत."

मी हसायला लागलो. डोळ्यातून पाणी आलं, ते सोल्डरच्या धुरानं आलं असं म्हणता आलं असतं, पण धूर केव्हाच गेल्ता. एवढ्यात चांदपाशाभाई आले, टोपी घडी करून खिशात ठेवत. "काय सुग्रीवभाऊ, नवरा-बायको हसून राह्यले, म्हणजे काम बराबर झालं. पास?"

माझ्या तोंडात "पास" आलंच होतं, चाळीस वर्षांची सवय. मी ते गिळलं. "चांदपाशाभाई, बसा. खुर्चीत बसा माझ्या. काम पक्कं झालं, पण पास तुम्ही करा. माझा उजवा कान जरा उतरलाय."

भाईंनी माझ्याकडं पाहिलं, मंग कडूबाईकडं. मंग खुर्चीत बसले, डोळे मिटले. मी कॅसेट लावली. मेंढरं गेली, ठक्क झालं. भाई डोळे मिटूनच म्हणले, "एकेचाळीस?"

"एकेचाळीस."

"मी एकोणचाळीस मोजली," ते म्हणले, "उमरीचा तकाजा आहे. पन वाजतंय झकास. पास." आन् उठले. "पुढच्या वेळी पन तुम्हीच ऐका. दोन घंट्या तुमच्याच जास्त आहेत."

ते स्पीकर आन् केबल घेऊन गेले, आटोत बसेपर्यंत हात हलवत. मी खुर्चीत परत बसलो. टेबलावर भाकरीचं खरंच खापर झालं होतं, आन् त्याच्याशेजारी पळी, आत गोठलेला चांदीचा गोळा. कडूबाईनं ती उचलली, उलटी करून आपटली, गोळा निघेना. मंग ती स्टूल आणखी जवळ ओढून माझ्या डाव्या कानाशी वाकली.

"उद्या नवी पळी आणा," ती म्हणली. "लोखंडाची. आन् मी डाव्या कानात सांगून राह्यले, ऐकू आलं न्हाई म्हणायची सोय न्हाई."